वाळवंटातले ऊन, आमची रात्रपाळी

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा ही नावे देशातील सर्वांत तापलेल्या ठिकाणांच्या यादीत झळकू लागली की आमच्या गावच्या पारावर एक प्रश्न हमखास निघतो : एवढे ऊन आपल्या डोक्यावर पडते, मग सूर्यविजेचे अवाढव्य प्रकल्प राजस्थान आणि कच्छमध्येच का? प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. सौर पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सिअसवर मोजलेली असते. त्यापुढे ते जसजसे तापते तसतशी दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते, आणि 45 अंशांच्या दुपारी पॅनेल स्वतः सहज 65 अंशांवर जाते. म्हणजे आपण घामाने निथळत असतो तेव्हा पॅनेलनेही आपल्या ताकदीचा दहाव्या हिश्श्याहून मोठा भाग गमावलेला असतो.

वाळवंटालाही या नियमातून सूट नाही, शिवाय तिथे धुळीचा त्रास वेगळाच. तरीही वाळवंट आपल्यापुढे राहते, ते निरभ्र दिवसांमुळे. जैसलमेर भागात वर्षाचा पाऊस जेमतेम 200 मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे मात्र मृगापासून हस्तापर्यंत आभाळ भरून येण्यावरच सगळा संसार अवलंबून. त्यात वाळवंटाकडे पिकाखाली नसलेली विस्तीर्ण सपाट जमीन. जोधपूरच्या पलीकडील भडला सौर पार्क सुमारे 14 हजार एकरांवर पसरलेला असून त्याची क्षमता 2,245 मेगावॅट आहे, आणि कच्छच्या खावड्यात 30 हजार मेगावॅटचे सौर-पवन संकुल उभे राहत आहे. आपल्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. (हे आकडे शेजारी ठेवताना सावध राहावे : सौर प्रकल्प वर्षभराच्या सरासरीने आपल्या क्षमतेच्या पावभरच चालतो, कोळशाचा त्याहून कितीतरी अधिक.) भडल्याच्या 2017 च्या लिलावात युनिटमागे 2 रुपये 44 पैसे असा दर आला, तेव्हापासून सूर्यवीज महाग असते हा युक्तिवाद संपला.

वाळवंटातील उन्हाचा असा विचार नवा नाही. 1913 मध्ये फ्रँक शुमन या अमेरिकी अभियंत्याने कैरोजवळच्या मादी येथे लांबलचक आरशांनी पाण्याची वाफ करून पंप चालवला आणि नाईलचे पाणी शेजारच्या शेतांना दिले. ती शेते कापसाची होती. आमच्यासारख्या पऱ्हाटीवाल्यांना हा तपशील कोणत्याही मेगावॅटपेक्षा जवळचा वाटावा. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि तो प्रयोग तिथेच थांबला.

आज अडचण सूर्याची नाही, रात्रीची आणि तारेची आहे. मोरोक्कोतील वार्झाझात येथे आरशांच्या उष्णतेने क्षार वितळवून ती काही तास साठवतात व सूर्य मावळल्यावर वीज काढतात. हे तंत्र महाग आणि नाजूक आहे. तिथल्या एका टप्प्यात 2024 मध्ये क्षाराच्या टाकीला गळती लागून उत्पादन दीर्घकाळ बंद राहिले. बॅटऱ्या मात्र झपाट्याने स्वस्त होत आहेत, आणि माझा भर त्यांच्यावर आहे. तारेचे दुखणे याहून जुने आहे. प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, अतिउच्च दाबाची वाहिनी मागे रेंगाळते, आणि भर दुपारी वाहून नेण्याची सोय नसल्याने राजस्थानातील प्रकल्पांना उत्पादन कमी करावे लागते. मनावर घेतले तर वाहिनी होते, हे विदर्भाला वेगळे सांगायला नको : चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाची, वाहिनी 1999 मध्येच सुरू झाली. तिच्या मार्गाजवळच्या गावांत भारनियमन होते, ही गोष्ट निराळी.

वाळवंट म्हणजे रिकामी जागा, हे गृहीतक मला सर्वांत जास्त खटकते. जैसलमेर परिसरातील ‘ओरण’, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली चराऊ राने, महसुली कागदावर अनेकदा पडीक दिसतात. आमच्या ई-क्लास, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या सरकारी, जमिनीही कागदावर तशाच दिसतात, पण गावची गुरे तिथेच चरतात. माळढोकही त्याच राजस्थानी माळावर राहतो आणि वीजवाहिन्यांना धडकून मरतो. तो पक्षी आमच्या वरोरा भागातही होता, त्यामुळे हा विषय परका वाटत नाही. मोठा प्रकल्प जरूर व्हावा, पण ओरण वगळून, आणि जागा ठरवण्याआधी तिथल्या गुराख्याला विचारून.

माझे मत असे की, शहरे आणि कारखाने यांचा भार वाळवंटाने उचलावा, म्हणजे चंद्रपूरच्या हवेतील राख तरी कमी होईल. शेतीच्या पंपाला मात्र हजार किलोमीटरवरची वीज लागत नाही. पंप दिवसा चालला तरी पुरते, आणि दिवसा वीज देणारे पॅनेल उपकेंद्राजवळच्या पाच-दहा एकरांत बसते; मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे सूत्र हेच आहे. गेल्या हिवाळ्यात हरभऱ्याच्या ओलितासाठी आमच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे येणाऱ्या वीजवाहिनीवर, रात्रीची पाळी होती. हातात बॅटरी घेऊन, रानडुकरांचा आवाज ऐकत धुऱ्यावर बसलेल्या माणसाला भडल्याचे आकडे सांगून काही उपयोग नव्हता. आमच्या उपकेंद्राला लागून असलेल्या जागेवर पॅनेल कधी बसणार, एवढेच तो विचारत होता.