ड जीवनसत्त्व आणि कर्करोग : विट्याच्या एका वाचक भगिनींच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

माझ्या आधीच्या लेखावर आपले म्हणणे थोडक्यात असे, की उंदरांवरच्या एका प्रयोगाच्या जोरावर मी कर्करोगाच्या रुग्णांना आशेला लावतो आहे, माणसांवरच्या मोठ्या चाचणीत ड जीवनसत्त्व निरुपयोगी ठरल्याचे सांगत नाही, आणि बारा महिने ऊन असलेल्या सांगली जिल्ह्यात त्याची कमतरता हा केवळ औषध कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे.

प्रयोग उंदरांवरचा आहे, हे खरेच. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी तो २०२४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केला. ज्या उंदरांच्या आहारात ड जीवनसत्त्व भरपूर होते, त्यांच्या शरीरात रोपलेल्या गाठींची वाढ मंदावली आणि इम्युनोथेरपीचा (प्रतिकारशक्तीला गाठीविरुद्ध बळ देणाऱ्या उपचारांचा) गुणही त्यांना अधिक आला. मला मात्र या निष्कर्षापेक्षा तो कोणत्या वाटेने आला, हे अधिक मोलाचे वाटते. जीवनसत्त्वाने गाठीवर थेट हल्ला केला नव्हता. ते आतड्याच्या अस्तरातील पेशींवर काम करत होते, त्यामुळे आतड्यात बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस हा जिवाणू वाढला आणि त्यानंतर शरीराची प्रतिकारशक्ती गाठीविरुद्ध अधिक जोमाने उभी राहिली. नेहमीचा आहार घेणाऱ्या उंदरांना नुसता हा जिवाणू दिला तरी फायदा झाला. पण आहारातून ड जीवनसत्त्वच काढून टाकल्यावर तो होईना. अशी कार्यकारणाची साखळी हाती लागते, तेव्हा ती वाचकांपुढे ठेवणे मला आवश्यक वाटते, आणि उंदीर व माणूस यांतले अंतर सांगूनच मी ती ठेवली होती.

आपण म्हणता ती चाचणी अमेरिकेतील ‘व्हायटल’. तीत २५,८७१ जणांचा पाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झाला, रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण घटले नाही, आणि कर्करोगाने होणारे मृत्यू थोडे कमी दिसले तरी तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. पण ज्यांची रक्तपातळी सुरुवातीला तपासली गेली, त्यांची सरासरी मिलिलिटरला सुमारे ३१ नॅनोग्रॅम होती आणि २० च्या खाली, म्हणजे कमतरता मानावी अशा पातळीवर, असलेले जेमतेम आठवा हिस्सा होते. आधीच भिजलेल्या रानाला पाणी पाजून पिकावर पाण्याचा परिणाम मोजावा, तसे हे झाले. ज्यांना कमतरता नाही त्यांनी कर्करोग टाळण्यासाठी गोळ्या घेऊ नयेत, एवढे या चाचणीवरून ठामपणे म्हणता येते. कमतरता असलेल्यांचा प्रश्न तीत सुटलेला नाही.

उन्हाच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत नाही. तासगावकडे द्राक्षांच्या थिनिंगच्या (घडांतले जादा मणी काढण्याच्या) दिवसांत बागेत जाऊन पाहावे. बायका दिवसभर ‘रानात’ असतात खऱ्या, पण डोक्यावर मांडवाची दाट पाने, साडीवर पुऱ्या बाह्यांचा पुरुषी शर्ट, तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ. उघडी राहतात ती बोटे आणि डोळे. त्वचेवर उन्हातले अतिनील-ब किरण पडल्याशिवाय हे जीवनसत्त्व तयार होत नाही, ते काचेतून आत येत नाहीत, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ ऊन लागते. जिल्ह्यात ऊन आहे, पण ते अंगावर कितीसे पडते, हा खरा प्रश्न आहे.

शेवटी आपण विचारले आहे, की आपल्या सासूबाईंची मिरजेत केमोथेरपी चालू असताना शेजारच्यांनी सुचवलेली ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी त्यांना रोज द्यावी का. कृपया देऊ नये. ती पुडी सहसा आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडेच घ्यायची असते. रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, आणि स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगात कॅल्शियम काही वेळा आजारामुळेच वाढलेले असते. केमोथेरपीच्या पुढच्या सायकलच्या (फेरीच्या) रक्ततपासणीत कॅल्शियम आणि २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व (रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी दाखवणारी तपासणी) या दोन्ही चाचण्या करून घ्याव्यात का, हे त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावे, आणि पुडी द्यायची की नाही, किती अंतराने द्यायची, हे त्यांनाच ठरवू द्यावे.