साहेब झाला म्हणजे सायन्स संपलं का?

माझ्या मामेभावाने सिव्हिल इंजिनिअरिंग करून एमपीएससी धरलीय, पुण्यात रूम घेऊन तिसरा अटेम्प्ट चालू आहे, आणि घरच्या ग्रुपवर मामांचं एकच पालुपद, सरकारने खर्च करून इंजिनिअर घडवला आणि हा आता शिक्के मारत बसणार. मी राहतो चीनमध्ये हांगचौला, इथेही सरकारी परीक्षेला तशीच झुंबड असते. पण मामांचं मला पटत नाही, आणि त्याला कारण याच गावचा एक माणूस आहे, शेन क्वो.

जन्म 1031 चा, तेव्हा चीनमध्ये सोंग घराण्याची राजवट. 1063 ला त्या काळची सगळ्यात वरची सरकारी परीक्षा पास झाला, मग बदल्यांची नोकरी. पण त्याचं कितीतरी सायन्स ड्युटीवरच झालंय हो! दौऱ्यावर असताना ताइहांग डोंगराच्या कड्यात शिंपल्यांचा पट्टा दिसला तर म्हणाला इथे पूर्वी समुद्रकिनारा असणार, आणि समुद्र तर तिथून जवळपास हजार ली (एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर) लांब. सरहद्दीवर यानआनला नेमणूक झाली तर तिथले लोक जमिनीतून पाझरणारं तेल मडक्यात भरताना बघितले, ते जाळून काजळीची शाई करून पाहिली आणि लिहून ठेवलं की ही वस्तू पुढे जगात खूप चालणार. अक्षरांचे मातीचे सुटे खिळे जुळवून छपाई करणारा बी शंग हा साधा माणूस, त्याचं नावही आपल्याला कळतं ते याच साहेबामुळे.

आता मामांची बाजू. शेन क्वो खगोल खात्याचा प्रमुख झाला तेव्हा दोन वेधशाळा होत्या, एकीने दुसरीचे रिपोर्ट तपासायचे म्हणून. तर दोन्हीकडचे लोक आतून संगनमत करून एकच रिपोर्ट लिहायचे, ग्रहांच्या जागा आकाशाकडे न बघता कोष्टकातून उतरवायचे. त्याने सहा जणांना घरी बसवलं, आणि स्वतःच लिहिलंय की थोड्याच दिवसांत पुन्हा पहिल्यासारखंच सुरू झालं. हे वाचून मला खरंच वाईट वाटतं, हजार वर्षं झाली तरी ओळखीचं वाटतं म्हणून. पण ही लबाडी पकडता आली ती त्याला स्वतःला वेध घेणं कळत होतं म्हणूनच ना? मामा, खुर्चीत कळणारा माणूस नको असेल तर मग कोण हवाय?

1082 मध्ये युंगलच्या लढाईत पराभव झाला, ठपका त्याच्यावर आला, पद गेलं. पुढे झेनज्यांगला ओढ्याकाठी घर करून राहिला आणि नोकरीत पाहिलेलं, ऐकलेलं सगळं लिहून काढलं.

परवा मामेभावाला फोनवर विचारलं, पोस्टिंग मिळाली तर पहिलं काय बघशील? म्हणाला, तालुक्यातल्या विहिरी मोजायच्यात दादा, कागदावर पाणी आहे तिथे खरंच आहे का ते.