दोन बादल्या पाणी

आज सकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीवर पोहेवाल्याने प्लेट हातात देताना "काय सर, आला म्हणे आवाज?" असे विचारले, तेव्हा माझ्या संगणकातल्या साउंड कार्डाची कथा नागपूरच्या आमच्या प्रतापनगरभर पोचली असून तिचा नायक मी नाही, हे माझ्या ध्यानात आले.

कार्ड मीच बसवले होते, हे आधी नमूद करतो. मदरबोर्डवरच्या मूळ व्यवस्थेत माउस हलवला की स्पीकरमधून किरकिर येई, म्हणून सीताबर्डीच्या बाजारातून नवे कार्ड आणले, पीसीआय एक्स्प्रेसच्या आखूड खाचेत दाबून बसवले, ते चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, टाकले आणि घरात शांतता पसरली. पहिला दोष लगेच सापडला. विंडोजने सगळा आवाज एचडीएमआयच्या केबलमधून मॉनिटरकडे धाडला होता आणि माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. ते बदलल्यावर मात्र जे ऐकू आले, त्यापेक्षा शांतता बरी होती. चित्रपटगीतांत व्हायोलिन आणि बासरी यथासांग वाजत होत्या, पण गाणारी बाई बेपत्ता होती. नागपुरात वाढलेल्या वसंतराव देशपांड्यांच्या एका जुन्या मैफलीचे मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांत एकच आवाज देणारे, ध्वनिमुद्रण लावले, तर गायक, तबला, पेटी असे सगळेच नाहीसे झाले आणि उरली ती फक्त कूलर चालू असताना येणारी 50 हर्ट्झची भुणभुण.

दुकानात फोन केला. "फॉरमॅट मारा," असे उत्तर मिळाले. कार्ड बदलून द्याल का, असे विचारल्यावर खोके उघडलेले असल्याने ते शक्य नाही, असे सांगण्यात आले. खोके न उघडता कार्ड बसवण्याची विद्या त्यांनी ग्राहकांना शिकवावी, तिचे वेगळे पैसे मी देईन. एके काळी साउंड ब्लास्टर या जुन्या कार्डाच्या जमान्यात पत्ता 220 आणि आयआरक्यू 5 की 7, म्हणजे संगणकाने कार्डाला कुठे गाठायचे आणि कार्डाने संगणकाला कोणत्या क्रमांकावरून हाक मारायची, हे आपणच ठरवावे लागे आणि चुकले तर दोष आपला, हे निदान स्पष्ट असे. आता सगळे आपोआप होते आणि चूक कोणाची, तेवढे मात्र कळत नाही.

तीन दिवस मी ड्रायव्हर काढून घालत होतो. चौथ्या दिवशी दुपारी शेजारचे काका आले. ते विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले असून, मे महिन्यात त्यांचा स्वतःचा कूलर बिघडलेला असतो आणि आमचा चालू असतो, या योगायोगामुळे रोजच येतात. कूलरच्या ऐन झोतात खुर्ची ओढून, बनियनचा गळा दोन बोटांनी पुढे ताणून त्यांनी आत हवा घेतली आणि दोन मिनिटे गाणे ऐकले.

"काहून हो सर, बाई कुठी गेली?"

"तेच शोधतो आहे, काका."

"अर्थिंग सुकली तुमची. जमीन भेगाळून राहिली, करंटले जाले जागा नाही. मंग तो बाईले खाऊन राहिला."

करंटने व्हायोलिने सोडून नेमकी बाईच का खाल्ली, असे मी विचारले.

"नाजूक आवाज हाय न. तुम्ही कॉलेजात कोणता विषय शिकवता?"

"इतिहास."

"मंग," असे म्हणून काकांनी डोळे मिटले.

या एका शब्दाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. शिवाय सौभाग्यवतींनी आतून "ओतून बघायला काय जातं?" असे विचारले. जात होते ते असे, की बाहेर पंचेचाळीस अंशांच्या जवळपास ऊन होते, नळ एक दिवसाआड येतो आणि अर्थिंगचा खड्डा घरामागे तुळशीपलीकडे आहे. कोळसा आणि मीठ घालून केलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतावे लागते, हे शास्त्र मला मान्य आहे. जमिनीतला ओलावा गेला की अर्थिंग खरोखरच कमकुवत होते. परंतु त्याचा संबंध असलाच तर भुणभुणीशी असेल, बाईशी नाही. मी डोक्याला पंचा गुंडाळून दोन बादल्या ओतल्या. खड्ड्याने घोटभरही न थांबता ते पाणी गिळले. दरम्यान काका माझ्या कूलरसमोर माझ्याच घरचे पन्हे पीत होते.

परत आलो तेव्हा बाई गात होती.

खरे कारण मला पाच मिनिटांत सापडले. कार्डाची पट्टी कॅबिनेटला नीट टेकली नव्हती, म्हणून स्पीकरसाठीच्या हिरव्या भोकातली पिन जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर राहिली होती. पिनीचा जमिनीकडचा, म्हणजे ग्राउंडचा, संपर्क असा सुटला की डाव्या-उजव्या वाहिन्यांतला फक्त फरक ऐकू येतो. गायिकेचा आवाज दोन्हींत सारखा असतो, म्हणून तो वजा होतो. मोनोमध्ये सगळेच सारखे, म्हणून सगळेच वजा. मी बाहेर असताना केर काढायला सौभाग्यवतींनी टेबल भिंतीकडे सरकवले, पिन भिंतीला टेकून आत गेली आणि बाई परतली. मी पिन तेवढीच बाहेर ओढून बाईला पुन्हा घालवून दाखवले.

"वायर उपसली तं आवाज जाईनच न," काका म्हणाले. सौभाग्यवतींनाही ते पटले. स्वतः टेबल सरकवणाऱ्या साक्षीदारानेच असे उलटावे, याचे मला अधिक वाईट वाटले. अर्थिंगशी जिचा संबंध असू शकला असता, ती भुणभुण अजून तशीच आहे, हेही मी सांगितले. त्यावर, "दोन बादल्यांत तेवढंच होते," असे उत्तर आले.

पोहे संपवून घरी आलो, तेव्हा नळाला पाणी आले होते आणि मागच्या दारात दोन बादल्या भरून ठेवलेल्या होत्या. भुणभुणीसाठी आठवडाभर रोज ओता, असा काकांचा निरोप होता.