भाव करणं हराम? कुठल्या किताबात?

गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे इस्लाममध्ये घासाघीस हराम आहे. मुसलमान विक्रेत्याला आपली खरेदीची किंमत सांगावीच लागते. एक तृतीयांशाहून जास्त नफा त्याला घेता येत नाही. आणि ठरलेला सौदा गिऱ्हाईक केव्हाही मोडू शकतं. तेव्हा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अशा दुकानावर भाव करू नका, कारण तो धर्माला धरून नाही!

आधी घासाघीस. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत (म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहांत) त्यांचे सहकारी जाबिर बिन अब्दुल्ला यांच्या उंटाची हकिगत आहे. उंट दमलेला, वाट मदिनेची. पैगंबर म्हणाले, मला वीक. जाबिर आधी नाही म्हणाले, मग एक उकिया (जुनं वजन) चांदीला कबूल झाले (हकिगतीच्या वेगवेगळ्या पाठांत रकमा वेगळ्या येतात), आणि वर अट घातली की मदिनेपर्यंत यावर मीच बसून जाणार. तिथे पोचल्यावर त्यांना किंमतही मिळाली आणि उंटही परत मिळाला. खुद्द पैगंबरांनी केलेल्या व्यवहाराला हराम म्हणायचं, तर फॉरवर्ड करणाऱ्याची छाती मोठीच हवी.

खरेदीची किंमत सांगण्याची सक्ती फक्त मुराबहासारख्या विक्रीत असते, जिथे ‘मला इतक्याला पडलं, त्यावर इतका नफा’ असाच करार असतो. तिथे खोटा आकडा चालत नाही. बाजारातली रोजची विक्री मुसावमा. तिथे तुम्ही मागा, त्याने सांगावं, जमलं तर जमलं.

एक तृतीयांश कुठून आलं, ते मात्र कळण्यासारखं आहे. बाजारभाव ठाऊक नसलेल्या माणसाला लुबाडलं तर ‘लुबाडणूक’ किती फरकापासून मानायची, यावर काही मालिकी आणि हंबली पंडितांनी (सुन्नी धर्मशास्त्राच्या हनफी, मालिकी, शाफिई, हंबली या चार शाखांपैकी या दोन) ती मर्यादा घातली. नफ्याची कमाल मर्यादा ती नव्हे. उर्वा अल्‌-बारिकी यांनी, पैगंबरांनी एक मेंढी आणायला दिलेल्या एका दिनारात दोन मेंढ्या घेतल्या, त्यातली एक एका दिनारालाच विकली आणि दिनार व मेंढी दोन्ही पैगंबरांपुढे आणून ठेवली. त्यांना दुवाच मिळाली.

मनाई आहे ती वेगळ्याच गोष्टींना, आणि मेसेजमध्ये नेमक्या त्याच नाहीत. दोघांचं जमत आलेलं असताना तिसऱ्याने मध्ये तोंड घालणं. घ्यायचं नसताना भाव चढवायला खोटं गिऱ्हाईक उभं करणं. शपथा घेऊन माल खपवणं. आणि खोट लपवणं: मदिनेच्या बाजारात पैगंबरांनी धान्याच्या राशीत हात घातला तर बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पाऊस लागला. मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं. बांगड्यांच्या वाट्यात वर चार टवटवीत आणि खाली मऊ पडलेले, कल्ले काळपट झालेले, हे आपल्याकडेही चालतं, आणि ते कुणा एका धर्माच्या माणसाचं काम नाही.

राहिला सौदा मोडणं. शाफिई आणि हंबली मतानुसार दोघं जागेवरून वेगळे होईपर्यंत मोडता येतो. हनफी आणि मालिकी म्हणतात, देतो-घेतो झालं की बांधील. पुढे खोट निघाली तर परत करण्याचा हक्क सगळेच मानतात. गिऱ्हाईकाने माघार घेतली तर विकणाऱ्याने इसार ठेवून घ्यावा, हे हंबली मत; बाकी तिघांना ते मंजूर नाही.