मालक गावाबाहेरचा, वाडा गावातला

महाराष्ट्रात जुन्या वाड्यांचा विषय निघाला की वाद ठरलेल्या दोन बाजूंनी रंगतो. एका बाजूला वाटते की शासनाने वाडा ताब्यात घेऊन त्याचे संग्रहालय करावे. दुसरी बाजू विचारते की मालकाने गळके छप्पर किती पिढ्या सांभाळायचे. त्याला वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी, द्यावे आणि बिल्डरला कामाला लागू द्यावे. ज्या आळीत तो वाडा उभा असतो, त्या आळीला मात्र या वादात कोणी पक्षकार मानत नाही. स्कॉटलंडमध्ये राहताना ही उणीव मला अधिक जाणवते, आणि त्याला कारण डम्फ्रीज हे गाव आहे.

डम्फ्रीज नीथ नदीच्या काठी, ग्लासगोहून गाडीने सुमारे दीड तासावर आहे. हाय स्ट्रीट या मुख्य बाजाररस्त्याच्या मधोमध अठराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला मिडस्टीपल हा मनोरा असून त्याच्या भिंतीवरच्या लोखंडी पाटीवर थेट इंग्लंडमधील हंटिंग्डनपर्यंतचे अंतर कोरले आहे, कारण येथील गुरे विक्रीसाठी तिथवर हाकत नेली जात. गेल्या काही दशकांत खरेदी आधी गावाबाहेरच्या सुपरमार्केटांत आणि मग इंटरनेटवर गेली, तसा हा रस्ता ओस पडला. दुकानांना कुलपे लागली. वरचे मजले तर त्याच्याही आधीपासून रिकामे होते. मालकांपैकी अनेक जण दूरच्या शहरांतील गुंतवणूकदार कंपन्या. इमारतीची कागदोपत्री किंमत अपेक्षित भाड्यावर ठरत असल्याने भाडे उतरवून दुकान चालू ठेवण्यापेक्षा ते बंद ठेवणेच अशा मालकांना पुष्कळदा परवडते.

तेथे द स्टोव्ह नेटवर्क या कलावंतांच्या संस्थेने गावकऱ्यांशी सुरू केलेल्या चर्चेतून मिडस्टीपल क्वार्टर ही संस्था उभी राहिली. तिची घटना आपल्या सहकारी संस्थेला जवळची आहे: सभासद गावातले, प्रत्येकाला एकच मत, आणि नफा वाटून न घेता पुन्हा गावासाठीच वापरायचा. एकेकाळी बेकरीचे दुकान असलेली इमारत आपल्या मालकीची करून तिने सुरुवात केली. खाली व्यवसायांना जागा आणि वर राहण्याची घरे, ही तिची मूळ योजना. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी मालकी, मग दुरुस्ती. आपण नेमके उलटे करतो. दर्शनी भिंतीला रंग देतो, दिवे लावतो, हेरिटेज वॉक काढतो, आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिका काय म्हणते हे पाहायला कोणी जात नाही.

तिथे सारे सुरळीत आहे असे मात्र नाही. पैसा मुख्यतः स्कॉटिश लँड फंडासारख्या सार्वजनिक निधीतून येतो आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळते. शिवाय ब्रिटनमध्ये नव्या घराच्या बांधकामावर व्हॅट शून्य, तर जुन्या इमारतीच्या दुरुस्तीवर बहुधा २० टक्के! वारसा जपण्याची भाषा करणाऱ्या देशाची ही करपद्धती मला अजून उमगलेली नाही.

आपल्याकडचा पेच वेगळा आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली, तेव्हापासून मालकाने दुरुस्ती सोडली. १९९९ च्या कायद्याने दिलेली वर्षाला चार टक्क्यांची वाढ त्या मूळ आकड्यावर कितीशी होणार? त्यात वारस वाढत गेले. आमचा वाईतला वाडा असाच आहे. कडीपाटाला वाळवी लागली आहे, मागच्या भिंतीत पिंपळ रुजला आहे आणि दिंडी दरवाजावर नगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आहे. सातबाऱ्यावर म्हणा की मिळकत पत्रिकेवर, नावे चुलत-चुलत भावंडांची, पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेली. त्यांत माझेही एक नाव आहे. डम्फ्रीजमधली माणसे ज्यांच्या नावाने बोटे मोडतात, तसा गावाबाहेरचा मालक वाईच्या हिशेबात मीच आहे.

गावाच्या संस्थेने इमारत विकत घेण्याचा डम्फ्रीजचा हा मार्ग पुण्याच्या पेठांत चालेल असे मला वाटत नाही. तिथे जमिनीचा भाव कोणत्याही गावसंस्थेच्या आवाक्याबाहेर गेला आहे. वाई, पैठण, मिरज यांसारख्या गावांत, जिथे भाव अजून तितका चढलेला नाही, तिथे मात्र तो आताच आजमावायला हवा. ज्या प्रदेशाने १९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना चालू करून दाखवला, त्याला चार वाडे सहकारी तत्त्वावर विकत घेणे अशक्य नसावे.

कायद्यातही आधार शोधता येईल. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ नुसार, विनामृत्युपत्र वारशाने आलेल्या मिळकतीतला हिस्सा एखादा वारस विकू लागला, तर प्रथम श्रेणीच्या, म्हणजे सर्वांत जवळच्या नात्यातल्या, इतर वारसांना तो घेण्याचा आधी हक्क असतो. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने असाच अग्रहक्क नोंदणी केलेल्या स्थानिक संस्थेला दिला. २०१६ पासून तो शहरांनाही लागू झाला आणि एडिंबरा शहराच्या पोर्टोबेलो या उपनगरातील रहिवाशांनी त्याच आधारे एक जुने चर्च विकत घेतले. किंमत तटस्थ मूल्यमापक ठरवतो, गावात मतदान होते, मालकाला बाजारभाव मिळतो. आपल्याकडे भावंडांनंतरचा हक्क गावच्या संस्थेला देणारी दुरुस्ती विधानसभेने करावी, आणि खरेदीसाठी नगरपालिकांना स्वतंत्र निधी द्यावा. असा हक्क असता, तर माझ्या हिश्शाबद्दल मी बिल्डरच्या आधी त्या संस्थेलाच विचारले असते.