सूर्य आमच्या गच्चीवर, पंखा अण्णांकडे

काल दुपारी साडेबारा वाजता, गच्चीवर आमची 8 सोलर पॅनेलं रणरणत्या उन्हात पाठ शेकत पडलेली असताना, मी शेजारच्या अण्णांच्या पंख्याखाली जाऊन बसलो. हे लिहितानाही कान तापताहेत.

झालं काय होतं, तर लाईट गेली होती. एवढंच.

सोलर असलेल्या घरातली लाईट जाते कशी, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही आठ महिन्यांपूर्वीचे मी आहात. बॅटरी नसलेली, ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेली यंत्रणा ग्रीड गेली की स्वतःहून बंद पडते. खांबावर चढलेला वायरमन तारा मेल्या आहेत असं धरून हात घालतो, आणि त्याच वेळी माझ्या गच्चीवरून वीज त्या तारेत शिरली तर बिचारा जिवानिशी जाईल. कारण इतकं रास्त आहे की धड चिडताही येत नाही. चिडलं की आपण वायरमनच्या जिवावर उठल्यासारखं दिसतं. म्हणून मी माझा सगळा राग विकणाऱ्यावर काढतो. "बॅटरी कशाला साहेब? ग्रीड हीच तुमची बॅटरी!" हे त्याचं वाक्य. ती बॅटरी काल साडेबाराला कुठे उलथली होती?

तर मी सोलरच्या इन्व्हर्टरचा, म्हणजे पॅनेलची वीज घराच्या कामाची करणाऱ्या डब्याचा, लाल दिवा बघत जिन्यात उभा, आणि कंपाउंडच्या भिंतीवर अण्णांचं डोकं उगवलं.

"तुमच्याकडेपण गेली?"

"गेली."

"पण तुमच्याकडे सोलर आहे ना?"

"आहे."

"ऊनपण आहे." अण्णांनी कपाळावर हात धरून आभाळाकडे बघितलं. घाई नव्हती त्यांना. "चांगलं कडक आहे."

मी समजावून सांगितलं. इन्व्हर्टरला ग्रीडचं व्होल्टेज दिसलं नाही की तो थांबतो, वगैरे. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. ते असं शांत ऐकायला लागले की मला धडकी भरते.

"म्हणजे सूर्य कामावर आलाय, पण हजेरी घ्यायला साहेब नाही."

"तसंच काहीसं."

"म्हणजे लाईट असेल तरच तुमची लाईट चालते."

"हो."

"लाईट असली की माझीपण चालते."

मी गप्प.

"मग आपल्यात फरक काय?"

"बिलात आहे ना अण्णा!"

"बिल महिन्यातनं एकदा येतं. घाम आत्ता येतोय." आणि मग, अगदी मायेनं, "या आमच्याकडे. पंखा चालू आहे."

यात थोडा दोष माझा आहे. पॅनेलं बसली त्या दिवसापासून मी या माणसाला त्याच भिंतीवरून शिकवत होतो. 1839 साली बेकरेल नावाच्या 19 वर्षांच्या फ्रेंच पोरानं उजेडातून वीज निघते हे कसं पाहिलं; 1954 साली बेल लॅब्ज या अमेरिकन प्रयोगशाळेतला सिलिकॉनचा सोलर सेल पडलेल्या उन्हातलं जेमतेम 6 टक्के पकडायचा आणि माझं पॅनेल 20 पकडतं. हे मी इतक्या ऐटीत सांगितलं होतं, जणू मधले 14 टक्के मी गच्चीवर बसून वाढवले. अण्णा सायकलची चेन आवळत "अरे वा" म्हणत होते. आता कळतंय, ते उधारी लिहून ठेवत होते.

बरं, बिलाचं तरी खरं होतं का? सोलरच्या आधी आमचं घर शहाणं होतं. 60 वॉटचे बल्ब काढून 9 वॉटचे एलईडी लावले होते. खोलीतून उठताना पंखा बंद करायचा हा दंडक होता. पॅनेलं आली आणि दंडक गेला. भर दुपारी 2000 वॉटचा गीझर लावायचा आणि वर मलाच ऐकवायचं, "बाहेर ऊन वाया चाललंय!" वाया जात नाही रे बाबांनो, ग्रीडला जातं, मीटरवर जमा होतं. पण जमा ही गोष्ट आमच्या घरात कुणाला दिसत नाही.

ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, हाही गैरसमज. पॅनेलवर छापलेले वॉट प्रयोगशाळेतले, सेल 25 अंशांवर ठेवून मोजलेले. गच्चीवर काच हाताला चटका देते तेव्हा त्याचं काम मंदावतं. माझंही मंदावतं, पण मी ते छापून विकत नाही. शिवाय अण्णांनी अलीकडे पाण्याची टाकी उंच केली आहे, तिची सावली साडेतीननंतर आमच्या शेवटच्या पॅनेलच्या कोपऱ्यावर येते. सेल एकामागून एक जोडलेले, त्यामुळे सावली वीतभर आणि फटका तिच्या कितीतरी पट. हे मी त्यांना येत्या रविवारी ठणकावून सांगणार होतो. आता कुठल्या तोंडानं सांगू?

गेलो. पंखा तीनवर होता. कोपऱ्यात अण्णांची जुनी बॅटरी, टर्मिनलवर पांढरट बुरशीसारखा थर, शेजारी डिस्टिल्ड वॉटरचा डबा. बॅटरीकडे बघता बघता मनात हिशोब सुरू झाला. पहाटेही तासभर लाईट गेली होती, म्हणजे ही बॅटरी सकाळी उन्हं आल्यावर भरली. सकाळी आमच्या घरात कुणी नव्हतं. मीटर सगळी वीज बाहेर ढकलत होता. आणि बाहेर गेलेली वीज फार लांब जात नाही, जवळ जिथे मागणी असेल तिथे खपते. आमची आणि अण्णांची जोडणी एकाच खांबावरून.

"अण्णा," मी म्हणालो, "हा पंखा बहुतेक माझ्या विजेवर चाललाय."

सगळं पुन्हा समजावून सांगितलं. खांब, मीटर, बॅटरी. अण्णांनी ऐकून घेतलं. मग उठले, भिंतीशी गेले आणि रेग्युलेटर तीनवरून एकवर आणला.

"तुमची आहे म्हणता," बसत म्हणाले, "मग जपूनच वापरू."