चाकोरी सोडा, वहिनी!

गाडी मी चालवते. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण त्या रविवारी पहाटे पावणेसहापासून दिवेलागणीपर्यंत स्टीअरिंग माझ्याच हातात होतं, तरी नऊ गाड्यांमधल्या कुणाच्याही ते फारसं लक्षात आलं नाही.

लायसन्स आमच्याकडे दोघांचंही आहे. नवऱ्याचं १९९४ सालचं. मुदत संपली की तो ते न चुकता नूतनीकरण करून आणतो, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवतो आणि पत्त्याचा पुरावा म्हणून वापरतो. त्याने शेवटची गाडी चालवली तेव्हा पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल अजून पाडायचा होता.

२०२३ मध्ये घेतलेली मारुतीची छोटी जीप, जिम्नी, हीही माझीच पसंती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावते, उंच बसायला मिळतं, आणि तिचं पोट जमिनीपासून २१० मिलिमीटर वर असल्यामुळे आमच्या गल्लीतले खड्डे तिला कळतच नाहीत. गिअरच्या शेजारी आणखी एक छोटा दांडा होता. शोरूममधल्या मुलाने त्याची माहिती फार मन लावून सांगितली: टू-एच, फोर-एच, फोर-एल. मीही मान डोलावली. पुढची दोन वर्षं त्या दांड्याला आम्ही भाजीची पिशवी अडकवत होतो.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाच्या मेव्हण्याचा एक ग्रुप आहे. पावसाळ्यात हे लोक गाड्या घेऊन डोंगरात जातात आणि जिथे रस्ता संपतो तिथून पुढे चालवतात. ‘मुळशीच्या पुढे, ताम्हिणीच्या अलीकडे, जुनी गाडीवाट, नवशिक्यांना चालेल’ असं निमंत्रण आलं. कोल्हापूरकर ताट पुढे करून ‘फार तिखट नाही हो’ म्हणतात, त्याच अर्थाने हे ‘चालेल’ होतं, हे मला उशिरा कळलं. नवऱ्याने मला न विचारता ‘येतोय’ असं कळवूनही टाकलं होतं. अनेकवचनात.

चांदणी चौकाच्या पुढे सगळे जमले. परक्याच्या लग्नात आपण मुलाकडचे की मुलीकडचे हे कळेपर्यंत जसं कोपऱ्यात उभं राहायचं, तशी मी उभी राहिले. इथे माणसं एकमेकांना गाडीवरून ओळखतात. लाल थार, काळी थार, जुनी जिप्सी. एका गृहस्थांकडे तर छप्पर नसलेली जुनी महिंद्रा जीप होती, ते कोल्हापूरचे. बाकीच्यांच्या गाड्यांवर विंच (म्हणजे अडकलेली गाडी ओढायची तारेची गिरकी), स्नॉर्कल (पाण्यातही इंजिनाला वरून हवा देणारी नळी), छपरावर दिव्यांची रांग, मागे लाल रंगाचा उंच जॅक. माझ्या गाडीत गणपती आणि लिंबू-मिरची.

लोक आधी टायर बघतात, मग तोंड. लाल थार खाली वाकला, माझ्या पुढच्या चाकावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाला, “एचटी?” मुलगा काय करतो विचारल्यावर ‘सध्या बघतोय’ असं उत्तर आलं की मुलीचे वडील ज्या आवाजात ‘अच्छा’ म्हणतात, तोच आवाज. एचटी म्हणजे हायवेचे टायर. त्यांच्या नक्षीत चिखल एकदा बसला की उठत नाही, आणि टायरचं गुळगुळीत लाटणं होतं. बाकीच्यांकडे एमटी होते, म्हणजे खास चिखलाचे, बोटबोट खोल खाचांचे.

“दादा, काळजी करू नका,” तो म्हणाला. हे माझ्या नवऱ्याला. “हवा १८ वर आणू. मग पकडतील.”

दादांनी समजल्यासारखी मान हलवली.

मुळशी धरणाच्या कडेकडेने पुढे जाताना पाऊस सुरू झाला. आमच्या पुण्यात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो आणि तेवढ्यात आम्ही बातम्यांमध्ये येतो. ताम्हिणीला काही वर्षी तो ६००० च्या वर जातो. म्हणजे वरून पडणारं ते पावसाचं पाणी नव्हतंच, नुसतंच पाणी होतं. दोन्ही बाजूंना भातखाचरांत लावणी चाललेली. वाकलेल्या बायका कंबर सरळ करून आमची वरात बघत होत्या. शेतात चाक घालायचं नाही, बांध मोडायचा नाही, आरशात मागची गाडी दिसेनाशी झाली तर थांबायचं, असे नियम आधीच बजावले होते. नियम खरंच चांगले होते. सगळे नवऱ्याच्या बाजूच्या काचेतून सांगितले गेले.

डांबर संपलं तिथे सगळ्यांनी चाकांतली हवा सोडली. सुईसुई असा तो आवाज आणि वर पाऊस; मला उगीच भजी तळल्याचा वास येऊ लागला. हवा कमी केली की टायर खाली पसरतो आणि जमिनीला जास्त जागेवर धरतो. कारण साधं आहे, पण दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी इमानेइतबारे ‘बत्तीस टाक रे’ म्हणणाऱ्या बाईला हवा सोडताना चोरी केल्यासारखं वाटतं.

“आता दादा, न्यूट्रल करून फोर-लोमध्ये टाका.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाजीची पिशवी काढली, दांडा दाबून मागे फोर-एलवर ओढला. पाटा-वरवंट्यासारखा आवाज आला आणि गाडीचा स्वभावच बदलला. फोर-लो म्हणजे चारही चाकांना ताकद आणि वर लो रेंज; त्यात वेग साधारण निम्मा होतो आणि चाकांवरचा जोर दुप्पट. गर्भारशीच्या चालीने गाडी चालते, पण चढ चढते. मला ते फार आवडलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी घरात एक खोली आहे असं कळावं, तसं.

“आणि अंगठे स्टीअरिंगच्या बाहेर ठेवायला सांगा वहिनींना,” काळी थार म्हणाली. “दगडावर चाक आपटलं की स्टीअरिंग गर्रकन फिरतं, अंगठा मोडतो.”

“अंगठे बाहेर ठेव,” नवऱ्याने भाषांतर केलं.

दोन तास बरे गेले. मग ओढा आला.

ओढा मुळात काही नव्हता, गुडघाभर पाणी. पण पलीकडचा चढ म्हणजे लाल चिखलाची उभी भिंत, आणि त्यात बैलगाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाडलेल्या दोन चाकोऱ्या. मोठ्या टायरच्या थारा त्या चाकोऱ्यांतून गुरगुरत वर गेल्या आणि जाताना त्या आणखी खोल करून गेल्या. मग मी. चढावर समोर जिप्सीवाला उभा राहिला. त्याला स्पॉटर म्हणतात. बाकी कुणाचंही ऐकायचं नाही, फक्त त्याच्या हाताकडे बघायचं. त्याच्या शेजारी छत्री घेऊन माझा नवरा उभा राहिला आणि त्यानेही हात हलवायला सुरुवात केली.

“चाकोरी सोडा, वहिनी!” जिप्सीवाला ओरडला. “चाकोरी सोडा! मधल्या वरंब्यावर एक चाक, कडेवर एक!”

शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेपासून हे वाक्य मी ऐकत आले आहे. सत्कार समारंभ, निरोप समारंभ, महिला दिन, सगळीकडे कुणीतरी चाकोरी सोडलेली असते. पण ती कशी सोडतात हे कुणी दाखवलेलं नव्हतं. मी स्टीअरिंग उजवीकडे केलं. जिप्सीवाल्याचा हात डावीकडे होता. उजवीकडे नवऱ्याचा होता. गाडीने क्षणभर विचार केला, मग बाजूला सरकत, अगदी शांतपणे, माहेरी आल्यासारखी चाकोरीत जाऊन बसली. खालून ‘धप्प’ असा आवाज आला. पोट टेकलं.

मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पाठीमागे चिखलाचं कारंजं उडालं.

इथे डिफरन्शियलबद्दल, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या यंत्राबद्दल, थोडं सांगायला हवं. त्या यंत्राचा स्वभाव असा, की जे चाक सगळ्यात सुखात फिरतंय, त्यालाच इंजिनाची ताकद जायची. एक चाक चिखलात गरागरा फिरत बसतं. दुसरं, ज्याच्या खाली चांगला खडक आहे, ते नुसतं उभं. आमच्याकडे या व्यवस्थेला धाकटे दीर म्हणतात. माझ्या गाडीत उनाड चाकाला आपोआप ब्रेक लागून ताकद दुसऱ्याकडे जायची सोय आहे. पण पोटच टेकलं की चारही चाकं दीर होतात.

मला वाटलं, आता हे लोक वैतागणार. नवीन बाई, हायवेचे टायर, सगळ्यांची वाट अडवून बसलेली. मी काच खाली करून “सॉरी हं” म्हणाले. पण पाहते तर सगळ्यांचे चेहरे उजळलेले! लाल थारने वर्षापूर्वी विंच बसवली होती आणि ती आजवर एकदाही वापरायला मिळाली नव्हती. काळ्या थारकडे नवाकोरा पट्टा होता, रबरासारखा ताणणारा, अजून कव्हरमध्ये. कुणी फावडं काढलं, कुणी शॅकल म्हणजे पट्टा अडकवायची कडी, कुणी हातमोजे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही माणसं चालवायला येतच नाहीत, कुणीतरी अडकावं म्हणून येतात. मी अडकले नसते तर बिचाऱ्यांची सहल फुकट गेली असती.

विंच की पट्टा यावर वाद झाला. मराठी माणसं असल्यामुळे तो तत्त्वाचा झाला. कोल्हापूरकर म्हणाले, “अवो, माझी जीप लावा की, दोन मिंटाचं काम हाय.” त्यांचं कुणी ऐकलं नाही, कारण त्यांची जीप जिथे लावावी तिथे नेहमीच दोन मिनिटांत काम होतं आणि कुणाला काही करायला उरत नाही, असं मला नंतर जिप्सीने सांगितलं.

तेवढ्यात खालून फटफट आवाज आला. एक बजाज एम-८० दुचाकी, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, वर घोंगडी पांघरलेले एक म्हातारबाबा. वरच्या धनगरवाड्यातले. डेअरीवर सकाळचं दूध घालून परत निघाले होते. ओढ्यातून ते न थांबता आले, वरंब्याच्या त्या वीतभर रुंदीवरून, दोन्ही पाय बाहेर सोडून. माझ्या काचेशी आल्यावर मात्र थांबले.

“अडाकली व्हय?”

“हो ना.”

“तरी म्हनलं, चाकोरीत कशापायी घातली,” असं म्हणून ते वर निघून गेले. नऊ गाड्या, दोन विंच आणि चार वॉकीटॉकी पाच सेकंद गप्प होत्या.

शेवटी विंच ठरली. “दादा, हुक कुठे आहे गाडीचा?” लाल थारने विचारलं. दादांनी बॉनेट उघडलं. मग मी उतरले, चिखलात पालथी झाले, पुढच्या बंपरखाली खांद्यापर्यंत हात घातला आणि हुक शोधून काढला. हा मात्र मला माहीत होता. शोरूममधल्या मुलाचं तेवढं एक वाक्य डोक्यात राहिलं होतं. माझी साडेसातशेची कुर्ती तिथेच गेली. तारेवर ओलं पोतं टाकलं, कारण तार तुटली तर चाबकासारखी उलटी येते. सगळ्यांना लांब उभं केलं. मी आत बसून पहिल्या गिअरमध्ये हलके हलके दाबत राहिले. चिखलाने मोठा चुंबनासारखा आवाज केला, त्या गंभीर प्रसंगी कुणी हसलं नाही, आणि गाडी वर आली.

टाळ्या वाजल्या. लाल थारने माझ्या नवऱ्याशी हस्तांदोलन केलं.

वर पठारावर म्हातारबाबांच्याच घरी आम्ही भाकरी-पिठलं खाल्लं. पैसे आधी ठरवलेले होते, ठेचा वरकड. उतरताना ब्रेकवर पाय न ठेवता, क्लच न दाबता, फोर-लोच्या पहिल्या गिअरच्या जिवावर यायचं असतं. पाय पोटाशी घेऊन बसले आणि चाकोरी सोडून, वरंब्यावरून, त्या एम-८०च्या टायरच्या रेघेवरून खाली आले. वॉकीटॉकीवर कोल्हापूरकरांचा आवाज आला, “वहिनींनी लाइन बरोब्बर धरली बघा.” नवरा झोपला होता.

वॉशिंग सेंटरच्या पोराने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि ‘ही नेहमीच्या रेटमध्ये होणार नाही’ म्हणाला. खालून पाटीभर माती निघाली. तुळशीला घालावी असा विचारही माझ्या मनात येऊन गेला.

सोसायटीत पोचलो तर पार्किंगमध्ये तळमजल्याचे काका उभे. नवऱ्याने काच खाली केली आणि उतरायच्या आतच सुरू झाला. ओढा, चिखलाची भिंत, लो रेंज, डिफरन्शियल. दीर वगळून सगळं बरोबर सांगितलं. “आम्ही गाडी अशी तिरकी घेतली,” त्याने दोन्ही हातांनी दाखवलं, अंगठे बाहेर ठेवून.

“वा! कमाल आहे तुमची,” काका म्हणाले. “अहो, ती माझी गाडी जरा खांबामागून काढून देता का? मला आता रिव्हर्स जमत नाही.” आणि त्यांनी किल्ली नवऱ्यापुढे धरली.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी वॉशिंगची पावती वाचत होते.